दुसरी लाइन

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लाइन गेली. आणि गेली तीही नेमकी कधी!

भात टाकला होता, तसाच कुकरमध्ये आहे. काम घेताना सही करून दिली आहे — साक्षीच्या खोलीत जे कानावर पडेल ते बाहेर कुणाजवळ काढायचं नाही. आईजवळ नाही, कामावरच्या धर्मेंद्रभाऊजवळ नाही. म्हणून इथं. नावं मात्र इथंही बदलूनच लिहिते.

विमलाबाईंची साक्ष होती. साठीपुढची बाई, सेलूकडच्या एका खेड्यातली. तिची सून आकांक्षा शेतातल्या विहिरीत गेली. घरचे म्हणतात पाय घसरला. पोलीस म्हणतात नवऱ्यानं ढकललं. नवरा चंदन म्हणजे या बाईचाच मुलगा, पावणेदोन वर्षं तुरुंगात. आज तो कोर्टात आणलेला. त्याच्यासमोर उभं राहून आईला बोलता येणार नाही, म्हणून तिला आमच्या खोलीत बसवलं. आमची खोली नव्या इमारतीत. कोर्ट मैदानापलीकडं, जुन्या इमारतीत. ती इथं कॅमेऱ्यापुढं बोलणार, जजसाहेब आणि वकील तिकडं पडद्यावर बघणार-ऐकणार. मधली तार माझी.

खोलीत आम्ही तिघीच. विमलाबाई खुर्चीत, तिच्याजवळ स्टुलावर शिपाई अनुसयाबाई, आणि पार्टिशनमागं हेडफोन लावून मी.

बाई बोलेचना. सरकारी वकील विचारतात, थांबतात, पुन्हा विचारतात. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते. मला वाटलं आज काही होत नाही. आणि मग खालमानेनं —

"मी पाह्यलं. मी वासराले पानी पाजून राह्यली होती. त्यानं तिले ढकललं. माह्या पोरानं."

हळू. पण काय स्पष्ट! आणि समोर बघते तर माझ्या पडद्यावरचा कोर्टाचा चौकोन काळा!

धर्मेंद्रभाऊचा तिकडून फोन — "पौर्णिमा, इधर पुरा ब्लॅक है! आवाजही नाई!" धावत खाली गेले. नाली खोदणाऱ्या मशीननं आमची केबल उचकटून वर काढली होती, दातात अडकलेली. ड्रायव्हर म्हणाला, "मले काय मालूम, बाई, खाली तार हाय म्हनून."

खिडकीतून खिडकीत नवी केबल ओढली, मैदानावरून, लोकांच्या पायांतून. तोवर जेवणाची सुट्टी झाली. वर आले तेव्हा विमलाबाई तिथंच बसलेली. तिनं अनुसयाबाईंना विचारलं, "गेलं काय तिकडे, मी बोलली ते?"

"नाई वं बाई. बंद पडलं होतं. पुन्हा सांगा लागन."

ती पाणी प्याली. पदरानं तोंड पुसलं, गळा पुसला. खूप वेळ पुसत राहिली.

सुट्टीनंतर साहेब म्हणाले, "आजी, 'मी पाहिलं' इतकंच इकडं ऐकू आलं. पुढचं पुन्हा सांगा."

"मी पाह्यलं," ती म्हणाली, "सुनेले विहिरीकडे जातानी पाह्यलं. मंग मले काई दिसलं नाई जी. अंधार होता."

वकिलांनी किती प्रकारे विचारलं. अंधार होता. अंधार होता. शेवटी त्यांनी तिला फितूर जाहीर करायची परवानगी मागितली.

जाताना व्हरांड्यात बाकावर एक मुलगी बसली होती. आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या, मांडीवर डबा. नात असावी. "झालं, आजी?"

"झालं. चाल."


१९ नोव्हेंबर, बुधवार

सरकारी वकिलांनी बोलावलं. टेबलापुढं उभं केलं नाही, खुर्ची दिली. त्यानंच जास्त भीती वाटली.

"तुम्ही आत होतात. लाइन गेल्यावर ती काय बोलली?"

मी म्हटलं, "सर, मी आवाजाचा काटा बघत असते. शब्दांकडं लक्ष नसतं."

"एक वाक्यही नाही?"

"नाही, सर."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ठीक आहे. जा."

व्हरांड्यात आले. काऊन खोटं बोलले मी? नोकरी कंत्राटाची आहे म्हणून? उद्या मलाच पिंजऱ्यात उभं करतील म्हणून? दोन्ही. त्या बाईला मनात नावं ठेवत काल घरी आले होते. आज माझंही तेच — मले काई ऐकू आलं नाई.

धर्मेंद्रभाऊला इतकंच म्हटलं, की बाई आधी वेगळं बोलली असेल तर? तो म्हणाला, "देख पौर्णिमा, आपलं काम तार जोडाचं. तारेतून काय चाललं ते आपलं नाई." तो माझा वरिष्ठ. कंपनीचं नागपूरचं ऑफिस, पण इथलं सगळं त्याच्यावर. वाईट माणूस नाही. दोन लेकरं आहेत त्याला.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबांनी कंपनीला बोलावून झाडलं. "साक्षीदार एकदाच मनाची तयारी करून येतो. तुमच्या तारेमुळं त्याला दोनदा बोलायला लावायचं का?" धर्मेंद्रभाऊ मान खाली घालून. मी त्याच्या मागं.

दुसरी लाइन टाकायची ठरली. पहिली बंद पडली की दुसरी आपोआप चालू झाली पाहिजे — चित्र आणि आवाज दोन्ही. कुणाच्या लक्षातही येता कामा नये.

काम मला दिलं. मीच मागून घेतलं.


२३ नोव्हेंबर, रविवार

हिंगणीला घरी. बाबांनी तुरीच्या शेंगा उकडल्या होत्या. आई गोंडीत विचारत राहिली — वाळली का, खात नाहीस का, खोलीवर एकटी भितेस का. मी मराठीतच उत्तरं दिली. आपल्या भाषेत बोलले असते तर सगळं बाहेर पडलं असतं.

बाबांना सगळे कवडू गार्ड म्हणतात. गार्ड कधीच नव्हते, वनमजूर होते. जंगलात काही दिसलं की साहेबाला सांगायचं, हेच आयुष्यभर केलं. मी विचारलं, "बाबा, पाहून न सांगतलं असं कधी झालं तुमचं?"

"झालं ना. लाकूड कोन नेलं ते मालूम असाचं. आपल्याच गावचा मानूस राहे." शेंग सोलत म्हणाले. "नाई सांगतलं तं तो वाचे. पन मंग दुसऱ्याच कोनाले धरून नेत. कोनी ना कोनी लागेच त्याइले."

पुढं काही विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं पिपरीच्या खोलीवर परत.


२७ नोव्हेंबर, गुरुवार

मशीन आलं. एवढंसं! पुस्तकाएवढं लोखंडी खोकं. वाटलं होतं मोठं काहीतरी येईल.

हे बसणार कोर्टाच्या बाजूला. त्यात दोन तारा जातात. पहिली जमिनीखालची, नवी टाकलेली — या वेळी लोखंडी पाइपातून. दुसरी छतावरून छतावर, छोट्या डिशनं, हवेतून. म्हणजे खाली कुणी खोदलं तरी वरची जिवंत. मशीन सतत दोन्हींकडं बघत बसतं. पहिलीवरचं चित्र काळं पडलं, थिजलं किंवा आवाज मेला, की ते दुसरी पुढं करतं. पहिली सुधारली की परत तिच्यावर. दोन्हीकडं विजेसाठी बॅटऱ्या.

किती वेळ वाट बघून बदलायचं ते आपण ठरवायचं. फार लवकर ठेवलं तर उगाच उड्या. फार उशिरा ठेवलं तर मधलं वाक्य गेलं. एक वाक्य किती लांब असतं? मी तेच वाक्य मनात म्हणून पाहिलं. फार लहान आहे ते.


१ डिसेंबर, सोमवार

दिवसभर छतावर. खाली नाली अजून तशीच उघडी.


३ डिसेंबर, बुधवार

चाललं!!

अनुसयाबाईंना खुर्चीत बसवलं, म्हटलं मावशी, काहीही बोला. त्या सुरू झाल्या — जावयाचं दुकान, सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवलेला गुडघा, वांग्याची भाजी. मी मध्येच पहिली तार उपसून काढली. तिकडून धर्मेंद्रभाऊ फोनवर, "हां, वांगे वांगे... चालू दे."

"काही दिसलं?"

"क्या दिसलं?"

"भाऊ, तार माझ्या हातात आहे!"

तो धावत आला बघायला. मग वीज घालवून पाहिलं, डिशची केबल हलवून पाहिलं. पडद्यावर एक पापणी लवते, बस. आवाजात टिचकीसुद्धा नाही. धर्मेंद्रभाऊनं समोसे आणले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

खाता खाता मनात आलं — हे पंधरा दिवस आधी असतं तर? उरलेला समोसा कागदात गुंडाळून ठेवला.


९ डिसेंबर, मंगळवार

अनुसयाबाईंनी सांगितलं. सरकारी वकिलांनी अर्ज दिला, साहेबांनी मंजूर केला. नवी साक्षीदार — काजल. ती मुलगी. दोन वेण्या, मांडीवर डबा.

ती तेव्हा शेतातच होती म्हणे. पोलिसांच्या कागदात तिचं नाव पहिल्यापासून होतं. आजी बोलणार होती म्हणून पोरीला वगळलं होतं. आता आजी उलटली.

अनुसयाबाई हळूच म्हणाल्या, "बापाच्या इरुद्ध लेकरू. कसं होईन वं, पौर्णिमा?" नोकरी लागल्यापासून या खोलीत लहान मूल बसलेलं नाही.


१० डिसेंबर, बुधवार

गेले. सरकारी वकिलांकडं. दारातच सांगून टाकलं, बसलेसुद्धा नाही. त्या दिवशी मी ऐकलं होतं, सर. खोटं बोलले. ती असं असं म्हणाली होती.

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही विहिरीवर होतात?"

"नाही."

"मग तुमचं ऐकलेलं घेऊन मी काय करू? उलटतपासणीत दोन मिनिटांत उडवतील. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यानंच बोलायला पाहिजे."

"पण ती लहान आहे, सर."

"मला आवडतंय असं वाटतं का तुम्हाला?"

मी निघाले तर मागून म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत." काय बरं! त्याच दिवशी सांगितलं असतं तर निदान त्यांनी बाईला एकटं गाठून विचारलं असतं. गावी परत जाण्याआधी.


१६ डिसेंबर, मंगळवार

आज काजल खोली बघायला आली. लहान साक्षीदाराला आधी खोली दाखवतात, म्हणजे त्या दिवशी बिचकायला नको. विमलाबाई घेऊन आली होती. पोरगी तिच्याजवळच राहते. आजीला आत येऊ दिलं नाही, दाराबाहेर बसवलं.

काजल खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकत नाहीत. अनुसयाबाईंनी राजगिऱ्याचा लाडू दिला, तो तिनं मुठीत धरून ठेवला. मी म्हटलं, "काहीतरी बोल ना. शाळेतलं म्हण. नाव सांग." मान हलवली. नुसतीच बसली. कॅमेऱ्याकडं नाही, माझ्याकडं नाही, भिंतीवरच्या खिळ्याकडं बघत.

आणि धर्मेंद्रभाऊचा फोन — "अगं, काय करून राह्यली? चित्र उड्या मारते इकडे! इस लाइन से उस लाइन, उस लाइन से इस लाइन!"

मी काहीच केलं नव्हतं. तार जागेवर, वीज जागेवर. मग कळलं. पोरगी गप्प आहे! मशीनला वाटतं आवाज मेला. पहिली सोडून दुसरी धरतं, तिथंही गप्प, की परत पहिली. सगळ्या चाचण्यांमध्ये अनुसयाबाई अखंड बोलत होत्या. गप्प बसणारं माणूस आम्ही बसवूनच पाहिलं नव्हतं. आणि या खुर्चीत तर माणसं गप्पच बसतात!

साक्षीच्या दिवशी असं झालं असतं तर साहेबांनी पुन्हा थांबवलं असतं. पोरीला पुन्हा.

मी मशीनला शिव्या घालत असताना काजल एकदम बोलली. "तिकडे बाबा राहीन का?"

"हो," अनुसयाबाई म्हणाल्या. "पन तुले दिसनार नाई. त्याले तू दिसनार नाई."

"आइकू जाईन?"

अनुसयाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "हो. ऐकू जाईल."

मग परत खिळा.

नंतर अनुसयाबाई तिला हात धुवायला घेऊन गेल्या. विमलाबाई दाराशी होती. उघड्या दारातून सगळं बघितलं असणार. मला म्हणाली, "बाई, त्या दिवशी हे बंद पडलं होतं."

"हो, आजी."

"पोट्टी बसन तवाही पडन?"

मला वाटलं काळजीनं विचारते. म्हटलं, "नाही आजी, आता दुसरी लाइन टाकलीय. एक गेली की दुसरी आपोआप चालू होते."

"आपोआप?"

"हो. कुणाला हात लावावा लागत नाही."

ती जवळ आली. माझं मनगट धरलं. खरखरीत, गरम हात. "तुमी बंद करून टाकजा ना, बाई. पोट्टी बोलाले लागली का. एकच डाव. कोनाले काय समजते?"

"आजी —"

"बापाचं नाव घेतलं तं जलमभर तिच्या जिवाले लागन. माहं काय, मी आज हाय उद्या नाई."

मला राग आला. खरंच आला! म्हटलं, "बंद पडलं तर पुन्हा विचारतील. पुन्हा पडलं तर पुन्हा. तिला परत परत सांगावं लागेल. तुम्हाला नाही का लावलं?"

"जवरिक सांगत नाई तवरिक?"

"हो. सांगेपर्यंत."

तिनं हात सोडला. बाकावर बसली. मग खाली बघत, मला सांगते की स्वतःला —

"तिनं पाह्यलं. माह्या बाजूलेच होती, वासराचं दावं धरून. मीच म्हटलं तिले, तू काई पाह्यलं नाई. तवापासून बोलतच नाई जास्त. घरीबी नाई."

काजल आली. लाडू अजून मुठीत, ओला झालेला. दोघी जिन्यानं उतरून गेल्या. मी पार्टिशनमागं जाऊन बसले.


१७ डिसेंबर, बुधवार

दुरुस्त केलं. चूक माझीच होती. माइकमध्ये बारीक आवाज गाळून टाकायची सोय असते — खोलीतली घरघर, खुर्चीची करकर, बाहेरचे कावळे. आवाज स्वच्छ जावा म्हणून ती मीच चालू ठेवली होती. त्यामुळं माणूस गप्प झालं की तारेत काहीच उरत नव्हतं. ते गाळणं बंद केलं. आता माणूस गप्प असलं तरी ट्यूबलाइटचा गुणगुणाट जातो, श्वास जातो, लुगड्याची सळसळ जाते. काटा तळाशी थरथरत राहतो. तुटलेल्या तारेत मात्र तेवढंही नसतं. मशीनला सांगितलं — अगदी शून्य असेल तरच बदल.

चाचणीला पुन्हा अनुसयाबाई. "मावशी, आज बोलायचं नाही."

आधी हसू आवरेना त्यांना. मग बसल्या गप्प. खूप वेळ. काटा थरथरत होता, मशीन हललं नाही. धर्मेंद्रभाऊ फोनवर म्हणाला, "मस्त." मी मावशींना उठा म्हणायला गेले तर त्यांचे डोळे भरलेले.

"मीबी आइकलं होतं ना, पौर्णिमा, त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मीच तिले म्हटलं, पुन्हा सांगा लागन. मीच म्हटलं."

त्यांच्याजवळ बसले. माइक चालूच होता.


२५ डिसेंबर, गुरुवार

कोर्टाला सुट्ट्या. खोलीला कुलूप. हिंगणीला गेले नाही. आईला फोनवर सर्दी झाल्याचं सांगितलं.


५ जानेवारी, सोमवार

उद्या काजल.

सकाळपासून सगळं तीन-तीनदा तपासलं. धर्मेंद्रभाऊ वैतागला — "बस कर, और क्या टूटेगा?" खुर्चीवर उशी ठेवली. पाय टेकायला घरून पाट आणला. भिंतीतला तो खिळा पकडीनं उपटायला गेले, मग राहू दिला. बघायला काहीतरी लागेल तिला.

एक गोष्ट लिहून ठेवते. आमच्या बाजूला दोन्ही तारा माझ्याच टेबलाखालून जातात. एक उपसली तर काही होत नाही, हे मीच करून दाखवलं. दोन्ही उपसल्या तर होतं. दुपारी टेबलाखाली वाकून दोन्ही हातात धरून पाहिल्या. आजीचं ऐकावं असं मनात आलं. एकदा नाही, बराच वेळ आलं. एवढीशी पोर, आणि तिच्या प्रत्येक शब्दावर तिकडं बाप मान खाली घालणार — किंवा घालणार नाही, ते आणखी वाईट.

आणि तिची आई? तिच्याबद्दल या खोलीत कुणी बोलतच नाही. मीही इतक्या दिवसांत दोन ओळी लिहिल्यात, त्याही पहिल्या दिवशी. आकांक्षा. बारावी झालेली होती म्हणे. फोटो वकिलांच्या फायलीत ओझरता दिसला होता, लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला.

तारा सोडून दिल्या. उद्या हात टेबलावर ठेवायचे. वरच.


६ जानेवारी, मंगळवार

खुर्चीत काजल नव्हती. विमलाबाई होती.

सकाळी सरकारी वकिलांच्या दारात उभी राहिली म्हणे — "पोट्टीले बसवू नका. माहंच पुन्हा आइका." चंदनचे वकील खूप भांडले. साहेबांनी दुपारी परवानगी दिली.

तिनं सगळं सांगितलं. मुलाचं नाव घेतलं. लाइन एकदाही गेली नाही.

साहेब म्हणाले, "ऐकू आलं, आजी. आता पुन्हा सांगायची गरज नाही."

तिनं पुन्हा सांगितलं.